प्रोसेसरची निवड : विवेकाचा एक पाठ

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मधल्या सुटीत दहावीच्या वर्गात मोठा कल्लोळ माजला होता. फळ्याच्या एका बाजूस खडूने ‘इंटेल’ असे लिहिले होते, दुसऱ्या बाजूस ‘एएमडी’. मध्ये उभी रेघ ओढलेली, आणि रेघेच्या दोन्ही अंगांस उभे राहून उभय पक्षांचे वीर हमरीतुमरीवर आलेले. वादाचा विषय एवढाच की, खेळ खेळण्याच्या संगणकास कोणत्या कंपनीचा प्रोसेसर उत्तम. मला पाहताच गलका थांबला आणि दोन्ही पक्षांनी मलाच पंच नेमले. मी विचारले, “संगणक कोणाचा? त्यात आज काय काय आहे? पडदा कोणता? खेळ कोणता? आणि पैसे कोणाचे?” या पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. घंटा झाली आणि सभा विसर्जित झाली.

शाळा सुटल्यावर त्यांतील एक विद्यार्थी मागे थांबला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. दुकानदाराने लिहून दिलेली ती यादी होती : नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड, नवी मेमरी, नवा कूलर. “सर, पाचव्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी आहे,” तो म्हणाला, “पैसे ताईचे आहेत.” त्याची थोरली बहीण शिकवण्या करून बी. एड. च्या प्रवेशासाठी पैसे साठवीत होती, आणि धाकट्या भावाच्या हट्टापायी त्यांतून यादीचा खर्च करण्यास ती तयार झाली होती. त्या कागदावरील बेरीज पाहिल्यावर हा प्रश्न फळ्यावरच्या दोन नावांचा राहिला नाही. पुढील चार दिवस शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी मिळून जो अभ्यास केला, तोच थोडा व्यवस्थित मांडून येथे देत आहे. आपल्या घरी हाच प्रश्न उद्भवेल तेव्हा तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

लाटणे आणि भाजणे

खेळ चालू असताना पडद्यावर जे हलताना दिसते ते वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमसाठी दोन कामे व्हावी लागतात. पहिले काम प्रोसेसरचे. कोणते पात्र कोठे आहे, गोळी लागली की हुकली, भिंत कोसळली तर तिचे तुकडे कोठे जातील, प्रतिस्पर्ध्याची पुढील चाल काय, हा सारा हिशेब करून तो चित्र काढण्याच्या आज्ञा तयार करतो. दुसरे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्या आज्ञांनुसार पडद्यावरील लक्षावधी बिंदूंना ते रंग देते.

घरी पोळ्या करताना एकजण लाटतो व दुसरा भाजतो, तसाच हा प्रकार आहे. लाटणाऱ्यास एका पोळीला अर्धा मिनिट लागत असेल आणि भाजणाऱ्यास एक मिनिट, तर ताटात दर मिनिटास एकच पोळी पडणार. लाटणारा कितीही चपळ आणला तरी लाटलेल्या पोळ्यांची चळत वाढेल, भाजलेल्यांची नव्हे.

हेच आता आकड्यांत पाहू. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात व ग्राफिक्स कार्डास ८. दोघे एकाच वेळी आपापले काम करीत असल्याने गती मंद गड्याची राहील : १००० भागिले १२, म्हणजे सेकंदास सुमारे ८३ फ्रेम. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला आणि त्याचा वेळ ६ मिलिसेकंदांवर आला, तर फ्रेम दुप्पट, म्हणजे १६६ होतील काय? नाही. आता मंद गडी बदलला. ग्राफिक्स कार्डास ८ मिलिसेकंद लागतातच, तेव्हा फ्रेम १२५ होतील. आणि मुळातच ग्राफिक्स कार्डास २० मिलिसेकंद लागत असतील, तर जगातील सर्वांत वेगवान प्रोसेसर बसवूनही सेकंदास ५० फ्रेमच मिळतील; पूर्वीही तितक्याच मिळत होत्या.

यावरून पहिला सिद्धान्त निघतो. कोणता प्रोसेसर घ्यावा हा दुसरा प्रश्न होय. प्रोसेसर घ्यावा की नाही हा पहिला.

हा सिद्धान्त मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी नावाच्या मोहाने मी स्वतः एक महागडा प्रोसेसर घेतला. घरातील पडदा सेकंदास ६० वेळा चित्र बदलणारा आणि ग्राफिक्स कार्ड जुने. नवा प्रोसेसर बसवून मोठ्या उत्कंठेने खेळ सुरू केला, तो काल होता तसाच! दुकानदाराने मला फसवले नव्हते. मीच त्याला काही विचारले नव्हते.

खोळंबा कोठे आहे?

खोळंबा नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी पैसे लागत नाहीत. एक साधा प्रयोग पुरतो. नेहमीचा खेळ नेहमीच्या मांडणीत सुरू करावा व सेकंदास किती फ्रेम मिळतात ते टिपावे. मग त्याच ठिकाणी, त्याच दृश्यात, खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचे रिझोल्यूशन कमी करावे. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे काम हलके होते. प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच राहते. फ्रेम पुष्कळ वाढल्या तर खोळंबा ग्राफिक्स कार्डापाशी होता. फ्रेम होत्या तेवढ्याच राहिल्या तर तो प्रोसेसरपाशी आहे.

रिझोल्यूशनचा भार केवढा असतो हे गुणाकाराने कळते. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू. ज्यास ४के म्हणतात त्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू. पहिल्याच्या बरोबर चौपट. म्हणून मोठ्या रिझोल्यूशनवर खेळणाऱ्यास बहुधा ग्राफिक्स कार्ड अडवते, आणि लहान रिझोल्यूशनवर अतिवेगवान पडदा वापरणाऱ्यास प्रोसेसर.

येथे एक फसवा आकडा लक्षात ठेवावा. प्रोसेसर एकंदर किती टक्के गुंतलेला आहे हे संगणक दाखवतो. तो आकडा ३० टक्के दिसला की प्रोसेसर निवांत आहे असे आपण समजतो. परंतु बारा थ्रेडच्या प्रोसेसरात एकच थ्रेड पूर्ण गुंतला तर एकंदर आकडा १०० भागिले १२, म्हणजे जेमतेम ८ टक्के दिसतो. आणि खेळाचे मुख्य काम त्या एकाच थ्रेडवर अडलेले असू शकते. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचा आकडा अधिक प्रामाणिक. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड आपल्या शक्तीच्या शिखरावर आहे असे समजावे.

आमच्या विद्यार्थ्याने घरी जाऊन हा प्रयोग केला. त्याच्या संगणकात २०१८ सालचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, बी४५० जातीचा मदरबोर्ड, डीडीआर४ प्रकारची १६ जीबी मेमरी, मागाहून घेतलेले बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणि १४४ हर्ट्झचा पडदा होता. तो मुख्यतः काउंटर-स्ट्राइक २ खेळे. त्या खेळात रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेममध्ये फारसा फरक पडला नाही. म्हणजे खोळंबा खरोखरच प्रोसेसरपाशी होता. मात्र भव्य देखाव्यांच्या दुसऱ्या एका खेळात त्याला उलटा अनुभव आला. तेथे ग्राफिक्स कार्डच अडवीत होते. “मग खरे उत्तर कोणते?” असे त्याने विचारले. दोन्ही खरी. तू वर्षभर कोणता खेळ खेळणार आहेस, त्यावर तुझे उत्तर अवलंबून आहे.

कोअर, ठोके आणि मिसळणाचा डबा

प्रोसेसर घ्यावयाचा असे ठरल्यावर डब्यावरील तीन आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा लागतो.

पहिला आकडा कोअरचा. एका प्रोसेसरात स्वतंत्रपणे काम करणारे अनेक गणकभाग असतात, त्यांस कोअर म्हणतात. कोअर दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काही कामे वाटून देता येतात, काही येत नाहीत. शास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला. समजा, एका फ्रेमचे काम एका कोअरला १० मिलिसेकंद पुरते; त्यांपैकी ४ मिलिसेकंदांचे काम वाटून देता येत नाही, ६ चे येते. सहा कोअर लावले तर ४ अधिक १, म्हणजे ५ मिलिसेकंद. बारा लावले तर साडेचार. चोवीस लावले तर सव्वाचार. सहावरून चोवीसवर गेलो, कोअर चौपट झाले, आणि पाऊण मिलिसेकंद वाचला! चित्रफितींचे संपादन करणाऱ्यास चोवीस कोअर वरदान ठरतील, कारण ते काम पुष्कळसे वाटून देता येते. खेळणाऱ्यास बहुधा सहा ते आठ चांगले कोअर पुरतात.

दुसरा आकडा ठोक्यांचा, म्हणजे गिगाहर्ट्झचा. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास ५ अब्ज ठोके. पण एका ठोक्यात किती काम होते ते प्रत्येक पिढीत निराळे असते. कमी पावलांत तेवढेच अंतर काटणारा उंच मनुष्य भराभर पावले टाकणाऱ्या ठेंगण्याच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांच्या वा पिढ्यांच्या प्रोसेसरांची तुलना केवळ गिगाहर्ट्झवरून करणे व्यर्थ होय.

तिसरा आकडा कॅशचा, आणि खेळांच्या बाबतीत तोच पुष्कळदा निर्णायक ठरतो. फोडणी देताना मोहरी, हिंग, हळद हे जिन्नस हाताशी लागतात म्हणून आपण मिसळणाचा डबा शेगडीजवळ ठेवतो. प्रत्येक चिमटीसाठी कोठीच्या खोलीत जावे लागले तर तेल करपून जाईल. प्रोसेसरची कॅश म्हणजे हा मिसळणाचा डबा, आणि मुख्य मेमरी म्हणजे कोठीची खोली. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. मुख्य मेमरीतून माहिती आणण्यास सुमारे ८० नॅनोसेकंद लागले, तर तेवढ्यात ४०० ठोके वाया जातात. हवी ती माहिती कॅशमध्येच सापडली तर यांतील बहुतेक वाचतात. खेळात शेकडो पात्रे व वस्तू यांची विखुरलेली माहिती क्षणोक्षणी लागत असल्याने मोठ्या डब्याचा लाभ तेथे विशेष होतो.

याचे उत्तम उदाहरण एप्रिल २०२२ मध्ये दिसले. एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला. त्याच्या आधीच्या ५८००एक्सप्रमाणेच त्यात आठ कोअर होते. कमाल वेग तर ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरला होता. पण मूळ चकतीवर कॅशची दुसरी चकती चढवून तिसऱ्या पातळीची कॅश ३२ वरून ९६ एमबी केली होती. ठोके कमी झाले, तरी बहुतेक खेळांत तो आपल्या थोरल्या भावापुढे गेला. त्याच वाटेने पुढे २०२३ मध्ये ७८००एक्स३डी व नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी आले. ५.२ गिगाहर्ट्झचा, आठ कोअरचा ९८००एक्स३डी हा ६ गिगाहर्ट्झच्या, चोवीस कोअरच्या कोअर आय९ १४९००केला खेळांत सामान्यतः मागे टाकतो. आणि कोअर भरपूर लागणाऱ्या कित्येक कामांत हाच क्रम उलटा होतो. डब्यावरच्या मोठ्या आकड्यास भुलू नये, ते याकरिता.

दोन भाऊबंद

फळ्यावर ज्यांच्या नावाने युद्ध चालले होते त्या दोन्ही कंपन्या एकाच घरातून निघालेल्या आहेत. अमेरिकेतील फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या कंपनीतून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल स्थापिली. तेथूनच बाहेर पडलेल्या जेरी सँडर्स यांनी सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये एएमडी. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ प्रोसेसर निवडला. पण एकाच पुरवठादारावर विसंबण्यास ती तयार नव्हती. म्हणून १९८२ च्या करारान्वये एएमडीही त्याच घडणीचे प्रोसेसर करू लागली. पुढे दोघींत वितुष्ट आले, न्यायालयात खटले झाले.

त्यानंतरचा इतिहास पारड्यांच्या वरखाली होण्याचा आहे. २००० मध्ये १ गिगाहर्ट्झची मजल एएमडीने काही दिवस आधी गाठली. २००६ मध्ये कोअर २ आणून इंटेल पुढे गेली. २०११ मधील एएमडीची बुलडोझर ही रचना अपेक्षाभंग करणारी ठरली, आणि त्या काळात स्पर्धा जवळजवळ उरली नाही. परिणाम काय झाला? २००७ च्या आरंभी इंटेलचा चार कोअरचा सर्वसामान्य प्रोसेसर मिळत होता. २०१७ च्या आरंभी तिचा त्या वर्गातील अग्रणी प्रोसेसरही चारच कोअरचा होता. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन आणला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इंटेलचा सहा कोअरचा प्रोसेसर बाजारात आला. दहा वर्षांत जे झाले नाही ते सात महिन्यांत झाले!

दोष दोघींच्याही पदरी आहेत. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले; २०२४ मध्ये कंपनीने त्यावर सुधारित मायक्रोकोड दिला व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. एएमडीचेही काही नवे प्रोसेसर २०२३ मध्ये काही मदरबोर्डांवर अतिरिक्त व्होल्टेजने जळाले, आणि ते व्होल्टेज १.३ च्या आत ठेवणारे बदल करावे लागले. तेव्हा एखाद्या कंपनीचा अभिमान बाळगण्याचे ग्राहकास कारण नाही. दोघी जिवंत राहाव्यात व एकमेकींवर नजर ठेवून असाव्यात, यातच आपले हित आहे.

सॉकेटचा प्रश्न

प्रोसेसर मदरबोर्डावरील ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. या जागेची घडण जुळली नाही तर प्रोसेसर बसत नाही, आणि मग मदरबोर्ड बदलावा लागतो. मदरबोर्ड बदलला की पुष्कळदा मेमरीही बदलावी लागते. दुकानदाराच्या यादीतील चार ओळी याच साखळीने आल्या होत्या.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मधील पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर आले. जानेवारी २०२४ मध्येही त्यासाठी एक नवा प्रोसेसर निघाला. त्यानंतरचे एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आले व त्यास डीडीआर५ मेमरीच लागते. २०२७ पर्यंत व त्यापुढेही या सॉकेटसाठी प्रोसेसर देऊ, असे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट २०२१ ते २०२३ या काळातील १२, १३ व १४ या पिढ्यांना चालले. त्याचे काही मदरबोर्ड डीडीआर४ चे आहेत, काही डीडीआर५ चे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर एलजीए १८५१ हे निराळे सॉकेट आले; त्यासही डीडीआर५ हवी.

आमच्या विद्यार्थ्याचा बी४५० मदरबोर्ड एएम४ चा होता. मे २०२० मध्ये एएमडीने प्रथम असे सांगितले होते की, ५००० मालिका जुन्या बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी जोराची हरकत घेतली, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने तो निर्णय मागे घेतला. त्या हरकतीचे फळ आमच्या पदरात पडले. बोर्डाच्या कंपनीने दिलेली बायोसची नवी आवृत्ती भरली की पाच हजारी प्रोसेसर त्याच बोर्डावर चालणार होता. मेमरी तीच, कूलरही बहुधा तोच. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. तेव्हा हाती असलेली मेमरी कामास येणे ही लहानसहान बचत नव्हे.

बायोस भरण्याचा क्रम चुकवू नये. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस बदलावी. नंतर नवा बसवावा. आधी प्रोसेसर काढून बसल्यास पडदा काळाच राहील. एएम४ प्रोसेसरच्या पोटाशी १३३१ पिना असतात. जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असल्यास कूलर उचलताना प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपसून येतो व पिना वाकतात. म्हणून काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, वीज बंद करून तार काढावी, आणि कूलर सरळ न ओढता हलकेच डावीउजवीकडे फिरवून सोडवावा.

उन्हाळ्याचा विचार

आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे परदेशी परीक्षकांच्या तक्त्यांत धरलेले नसते. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानाहून तो किती वर जावा, एवढेच त्याच्या हाती. एखाद्या भाराखाली हा फरक ४५ अंशांचा असेल, तर हिवाळ्यात २० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर राहील. उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत तोच ८५ वर जाईल. कमाल मर्यादा ७८००एक्स३डीची ८९ अंश, ९८००एक्स३डीची ९५, तर १४९००केची १०० अंश आहे. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि पैसे मोजून घेतलेली गती ऐन सुटीतच नाहीशी होते.

१४९००के पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. खेळताना यापेक्षा कमी. दोन प्रोसेसरांत १०० वॅटचा फरक धरला व रोज दोन तास खेळ धरला, तर महिन्यास ६ युनिट. म्हणजे विजेच्या बिलाचे भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु तेवढी उष्णता त्याच बंद खोलीत साचणार, याचे भान ठेवावे.

हिशेबाची रीत

आता मुख्य गोष्ट. तुलना प्रोसेसरच्या किमतीची करू नये. संपूर्ण बदलाच्या खर्चाची करावी. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून मानलेले आहेत; बाजारातील आकडे आपण स्वतः त्या दिवशी काढावेत.

आज सेकंदास ७० फ्रेम मिळतात असे धरू. पहिली योजना : त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर. खर्च १४,००० रुपये, फ्रेम १०५. वाढ ३५; म्हणजे प्रत्येक वाढीव फ्रेमला ४०० रुपये. दुसरी योजना : प्रोसेसर, बोर्ड, मेमरी व कूलर सारे नवे. खर्च ४८,००० रुपये, फ्रेम ११८. वाढ ४८, प्रत्येकीला १,००० रुपये. पण खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. पहिलीवरून दुसरीवर जाण्यासाठी ३४,००० रुपये अधिक द्यायचे आणि मिळणार १३ फ्रेम. म्हणजे त्या तेरांपैकी प्रत्येक फ्रेम सुमारे २,६०० रुपयांना पडली! आणि पडदा १०० हर्ट्झचाच असेल, तर त्या तेराही फ्रेम डोळ्यांस दिसणार नाहीत.

या रीतीचे उत्तर नेहमी एकाच कंपनीच्या बाजूने येते असे मात्र नाही. समजा, कोणाच्या घरी इंटेलचा १२ व्या पिढीतील चार कोअरचा आय३ १२१०० आहे. त्याने एएमडीकडे वळून बोर्ड व मेमरी का टाकावी? त्याच सॉकेटवर १४ व्या पिढीतील आय५ पर्यंत त्यास जाता येईल. मात्र बायोस आधी अद्ययावत करावी, आणि साध्या बोर्डावर अतिशय वीज पिणारा प्रोसेसर लादू नये. ज्याच्यापाशी काहीच जुने नाही व ज्यास सर्वस्वी नवा संगणक घ्यायचा आहे, त्याने सॉकेटच्या पुढील आयुष्याला अधिक वजन द्यावे. प्रश्न तोच, रीत तीच, उत्तरे निरनिराळी.

निर्णय

चौथ्या दिवशी विद्यार्थ्याने आपली वही पुढे केली. दोन्ही योजनांचे बाजारभाव तीन दुकानांत विचारून त्याने स्वतः लिहून आणले होते. एक्स३डी जातीचा प्रोसेसर त्यास हवा होता. पण ५८००एक्स३डीचे उत्पादन थांबलेले, आणि जुना घ्यावा तर पावती नाही व हमी नाही. अखेर त्याने पाच हजारी मालिकेतील सहा कोअरचा रायझन ५ ५६०० निश्चित केला. त्याच्या २६०० मध्ये सहा कोअर दोन गटांत विभागलेले होते व प्रत्येक गटास ८ एमबी कॅश होती. ५६०० मध्ये साऱ्या कोअरांना मिळून ३२ एमबीचा एकच डबा आहे. वीजही तेवढीच, ६५ वॅट. सीलबंद डबा, पक्की पावती व तीन वर्षांची हमी.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन बेरजा होत्या : दुकानदाराच्या यादीची आणि त्याच्या स्वतःच्या यादीची. खाली वजाबाकी करून उरलेल्या रकमेपुढे त्याने लिहिले होते, ‘ताईची फी’. मी ते वाचले व वही परत केली. त्यावर तपासण्यासारखे काही नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, प्रोसेसर दर वर्षी नवे येतील. या लेखातील नावेही जुनी होतील. परंतु आधी खोळंबा शोधावा, मग आकड्यांचा अर्थ जाणावा, घरी असलेल्या वस्तूंचा उपयोग पाहावा, संपूर्ण खर्चाची बेरीज करावी आणि पैसे कोणाच्या कष्टाचे आहेत ते विसरू नये, हा क्रम जुना होणार नाही.

स्वाध्याय

१. एका खेळात प्रोसेसरला प्रत्येक फ्रेमसाठी ९ मिलिसेकंद व ग्राफिक्स कार्डास १५ मिलिसेकंद लागतात. सेकंदास किती फ्रेम मिळतील? प्रोसेसर दुप्पट वेगाचा केल्यास किती? आणि त्याऐवजी ग्राफिक्स कार्ड दुप्पट वेगाचे केल्यास किती?

२. २० मिलिसेकंदांच्या कामापैकी ५ मिलिसेकंदांचे काम वाटून देता येत नाही. पाच कोअर व पंधरा कोअर लावल्यास लागणारा वेळ काढा.

३. आपल्या घरातील किंवा शाळेतील एका संगणकाचा प्रोसेसर, सॉकेट व मेमरीचा प्रकार शोधून काढा आणि त्यात प्रोसेसर बदलणे हितावह आहे की नाही, ते कारणांसह लिहा.